सोन्याचा कस आणि संगणकाची सरासरी

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) सुवर्णगणिताचे एक उदाहरण आहे. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेऊन एकत्र आटवले, तर त्याचा वर्ण, म्हणजे कस, किती? कसांची नुसती सरासरी साडेअकरा. ती इथे चूक. प्रत्येक कसाला त्याच्या वजनाने गुणून बेरीज २४०, भागिले एकूण २० मासे, उत्तर १२.

पायथन भाषेच्या ‘नमपाय’ संग्रहातले ‘ॲव्हरेज’ हेच करते. वजने द्यायला विसरलात, तर मात्र निमूट साडेअकरा हाती ठेवते.

खरी गोची सारणीत. समजा, चार लगडींच्या चार ओळी. सोने, चांदी, तांबे, जस्त यांच्या प्रमाणांचे चार स्तंभ. वजने लगडींची, तेव्हा ती ओळींना लागली पाहिजेत. त्यासाठी ‘ॲक्सिस’ ० सांगावा लागतो. चुकून १ लिहिले, की लगडींची वजने धातूंना चिकटतात. धातू तीनच असते, तर मापे जुळत नाहीत म्हणून प्रोग्राम अडला असता. चार-चारच्या सारणीत तो ब्रही काढत नाही. मी यात फसलो आहे. आता चाचणीला चौरस सारणी घेतच नाही.

गहाळ नोंदींचेही तसेच. वरच्या उदाहरणात १० माशांचा कस लिहायचा राहिला आणि कोणी तिथे ० भरले, तर ११० भागिले २०, कस साडेपाच! ते वजन भाजकातूनही वगळले, तर उरलेल्या १० माशांचा कस ११ येतो.