फोंताईन्हासची संध्याकाळ

पणजीला १८४३ साली राजधानीचा मान मिळाला आणि आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी फोंताईन्हासची पोर्तुगीज वळणाची वस्ती भरास आली. तेथील अरुंद गल्ल्यांतून, सायंकाळी एका तावेर्नातून दुसऱ्या तावेर्नात पायी हिंडण्याची हौस हल्ली पर्यटकांत वाढली आहे.

तेथील पेयाचा इतिहासही मोठा रंजक आहे. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणले. त्याच्या बोंडांचा रस आंबवून भट्टीवर गाळण्याचे कसब मात्र गोव्याचे. पहिल्या धारेचा तो सौम्य हुर्राक. पुन्हा गाळली की उग्र फेणी. हुर्राक उन्हाळ्यापुरताच मिळतो, फेणी वर्षानुवर्षे टिकते. २००९ साली काजूफेणीला भौगोलिक मानांकन लाभले.

अमेरिकेत फोर्ट वर्थ येथे गुरांचा जुना बाजार ओसरला. आज गुराखी थाटाची मद्यगृहे पाहुण्यांच्या करमणुकीवर चालतात. फोंताईन्हासमध्ये मात्र अजून कुटुंबे नांदत आहेत. रंगीत भिंतीआड कोणी आजारी निजलेले असते, कोणाचे मूल अभ्यासास बसलेले असते. गल्लीत गलका करणारा, छायाचित्रासाठी परक्याच्या पायरीवर चढणारा पाहुणा ज्या शांततेच्या ओढीने आला, तीच मोडून जातो. कंटाळून रहिवासी निघून गेले, तर मागे उरेल ते निव्वळ नेपथ्य.