शेळ्यांमधील जठरकृमी व लसनिर्मिती : तेर परिसराच्या संदर्भात

तेरणा नदीकाठचे तेर हे प्राचीन 'तगर' म्हणून इतिहासाला परिचित आहे. हा परिसर उस्मानाबादी शेळीचा मूळ प्रदेश होय. भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबांना अडीअडचणीत आधार देणाऱ्या या पशुधनास पावसाळ्यात 'हिमाँकस काँटॉर्टस' या जठरकृमीचा धोका संभवतो. एक कृमी दररोज सुमारे ०.०५ मिली रक्त शोषतो; परिणामी रक्तक्षय होऊन करडे दगावतात.

जंतनाशकांच्या वारंवार वापराने कृमी औषधांना दाद देईनासे होतात. म्हणून लसीचा पर्याय महत्त्वाचा ठरतो. स्कॉटलंडमधील मोरडन संशोधन संस्थेने कृमीच्या आतड्यातील प्रथिनांचा लसीसाठी उपयोग केला. ती टोचल्यावर मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. रक्ताबरोबर ती कृमीच्या आतड्यात जाऊन त्याच्या पचनात अडथळा आणतात. ही 'बार्बरव्हॅक्स' लस २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात मेंढ्यांसाठी नोंदविली गेली.

तथापि ही प्रथिने एरवी यजमानाच्या प्रतिकारयंत्रणेसमोर येत नाहीत. त्यामुळे नैसर्गिक संसर्गाने प्रतिकारशक्ती पुन्हा जागृत होत नाही व लसीच्या मात्रा वारंवार द्याव्या लागतात. शिवाय ही प्रथिने प्रत्यक्ष कृमींपासूनच मिळवावी लागतात.

दोन-चार शेळ्या पाळणाऱ्या कुटुंबास अनेक मात्रांचा खर्च व शीतसाखळी पेलणे कठीण आहे. म्हणून लसीची परिणामकारकता व तिची सुलभता यांचा विचार एकत्रितपणे होणे आवश्यक ठरते. तोवर लेंड्यांची तपासणी, पापणीच्या आतील फिकेपणा पाहून गरजू शेळीसच जंतनाशक देणे आणि चराईची फेरपालट हेच व्यवहार्य उपाय होत.