पिवळ्या पाटीची गाडी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात पिवळ्या नंबरप्लेटवर लाल अक्षरं असलेली गाडी दिसली, तर आपल्याकडच्या सवयीने टॅक्सी समजून हात करू नये. ती दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्या माणसाची असते. परवाना निलंबित असताना कामापुरती गाडी चालवायची मुभा कोर्टाने दिली, की बऱ्याचदा ही पाटी लावावी लागते. लोक तिला ‘पार्टी प्लेट’ म्हणतात. गाडी बायकोने किराणा आणायला नेली तरी पाटी तीच. नवऱ्याच्या पेल्याची लाज सगळ्या घराने वागवायची.

हा गुन्हा तिथे राज्यांच्या अखत्यारीत येतो, त्यामुळे जितकी राज्यं तितक्या तऱ्हा. मिलवॉकी हे बिअरसाठी प्रसिद्ध शहर ज्या विस्कॉन्सिनमध्ये आहे, तिथे पहिल्यांदा सापडणं हा फौजदारी गुन्हाच नाही. 150 ते 300 डॉलर दंड, वर अधिभार, काही महिने परवाना रद्द, एवढ्यावर भागतं. गाडीत सोळा वर्षांखालचं मूल असेल तर मात्र गुन्हा नोंदला जातो. उलट ॲरिझोनात पहिल्याच खेपेला किमान 10 दिवसांचा तुरुंगवास. त्यातले 9 दिवस न्यायाधीश माफ करू शकतो, पण एक दिवस तरी आत काढावाच लागतो.

मर्यादा मात्र जवळपास सगळीकडे एकच, 0.08 टक्के. म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 80 मिलिग्रॅम अल्कोहोल. भारतात ती 30 मिलिग्रॅम आहे. ओहायोत मर्यादेत बसलेला माणूस पुण्याच्या नाकाबंदीत आरामात अडकेल.

ही एकवाक्यता सुखासुखी आलेली नाही. 1980 मध्ये कॅलिफोर्नियात कँडेस लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी एका दारुड्या चालकाच्या गाडीखाली गेली. त्यांनी उभ्या केलेल्या ‘मॅड’ या आयांच्या संघटनेने राजकारण्यांना स्वस्थ बसू दिलं नाही. केंद्राला थेट राज्यांचा कायदा बदलता येत नव्हता. त्याने रस्त्यांच्या निधीला हात घातला. आधी 1984 मध्ये दारू खरेदीचं किमान वय 21 करायला लावलं, मग 2000 मध्ये 0.08 ची अट घातली. पैसा अडला की शहाणपण लवकर येतं. डेलावेअर सर्वात शेवटी, 2004 मध्ये वळणावर आलं.

युटाने तर 2018 च्या अखेरीस मर्यादा 0.05 वर आणली. पर्यटन बुडणार म्हणून दारूधंद्याने बरीच ओरड केली. पुढच्या वर्षी तिथल्या जीवघेण्या अपघातांचं प्रमाण 2016 च्या तुलनेत सुमारे वीस टक्क्यांनी कमी होतं.

शिक्षेचा सर्वात चिवट प्रकार म्हणजे गाडीत बसवलेलं इंटरलॉक. मोबाइलएवढं हे यंत्र; त्यात फुंकल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. मित्राकडून फुंकून घेण्याची युक्ती चालू नये म्हणून अनेक यंत्रांना कॅमेरा असतो, आणि गाडी धावत असतानाही ते मध्येच पुन्हा फुंकायला लावतं. भाडं सहसा चालकाच्याच खिशातून. तुरुंगातून माणूस एक दिवसात सुटतो. हे यंत्र महिनोन्‌महिने रोज सकाळी तोंडासमोर येतं. प्रस्तुत लेखकाला तुरुंगापेक्षा त्याचाच धाक जास्त वाटतो. तरीही 2023 मध्ये अमेरिकेत दारूच्या नशेतल्या चालकांमुळे झालेल्या अपघातांत 12,429 माणसं मेली.

न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींना शनिवारच्या पार्टीनंतर आणखी एक शिक्षा होऊ शकते आणि ती राज्याच्या कायद्यात कुठेच लिहिलेली नाही. नुसत्या अटकेच्या नोंदीवरून परराष्ट्र खातं त्यांचा व्हिसा रद्द करू शकतं; दोष सिद्ध होण्याची वाट पाहिली जात नाही. मग गणपतीला घरी आलेल्याला परत जायचं, तर नव्याने अर्ज करावा लागतो आणि दूतावासाने नेमलेल्या डॉक्टरपुढे दारूच्या सवयीबद्दल तपासणीला बसावं लागतं.