शेवटचा हात जाळाचा

मोडनिंबला आमच्या लहानपणी दिवाळीच्या पणत्या कुंभारआळीतून यायच्या. आई एकसारख्या लाल पणत्या निवडायची. मी मात्र धुराचा काळा डाग पडलेली एक तरी हट्टानं घ्यायचो. "राहू द्या ताई, ते आव्यानं केलंय, मी न्हाई," असं कुंभारमामा आईला सांगायचे. पुढे चीनमधल्या चहाच्या काळ्या वाट्यांविषयी वाचताना त्यांचं ते बोलणं आठवलं, आणि तेव्हा लागलेला नाद वीस वर्षं झाली तरी सुटलेला नाही.

या वाट्या सोंग राजवटीतल्या (९६० ते १२७९), फुजिएन प्रांतातल्या ज्येनयांगच्या. तेव्हा चहाची पूड वाटीत घेऊन, गरम पाणी ओतून घुसळत. वर येणारा पांढरा फेस खुलून दिसावा म्हणून वाटी काळी, आणि चहा लवकर निवू नये म्हणून जाड. ह्वेइत्सोंग या सम्राटानं चहावर ग्रंथ लिहिला, त्यातही याच वाटीची तारीफ आहे. पुढे पानांचा चहा रूढ झाला आणि या वाट्यांची मागणी ओसरली.

मला ओढ आहे ती भट्टीची. डोंगरउतारावर अजगरासारखी पसरलेली लाकडाची भट्टी. उत्खननात सापडलेली एक तर सुमारे १३५ मीटर लांबीची आहे. प्रत्येक वाटी मातीच्या वेगळ्या डब्यात बसवायची आणि उष्णता १३०० अंशांच्या आसपास न्यायची. आपल्या आव्यात इतका जाळ कधीच होत नाही. माती लोहानं भरलेली, झिलईतही लोह. झिलई वितळली की आतून बुडबुडे वर येतात आणि लोह पृष्ठभागावर आणून सोडतात. ते जागीच थिजलं तर काळ्यावर चंदेरी ठिपके उमटतात, जणू पाण्यावर तेलाचे थेंब. झिलई खाली ओघळली तर त्याच ठिपक्यांच्या बारीक रेघा होतात. चिनी लोक त्यांना सशाची लव म्हणतात. ओघळ तळाशी येऊन जाड थेंबात थांबतो. मला विचाराल तर सगळ्या वाटीत तो थांबलेला थेंबच सर्वांत देखणा! कुंभारानं माती मळली, वाटी घडवली, झिलई चढवली. थेंब कुठे थांबायचा ते मात्र जाळानं ठरवलं.

२०१४ मध्ये शास्त्रज्ञांनी ज्येनयांगच्या जुन्या खापरांवरच्या झिलईत लोहाच्या ऑक्साइडचं एक दुर्मीळ रूप शोधलं. प्रयोगशाळेत ते शुद्ध स्वरूपात मिळवणं फार कठीण. सोंगकाळच्या कुंभारांच्या हातून ते नकळत घडून गेलं होतं.

जपानी भिक्षूंनी या वाट्या मायदेशी नेल्या. तिथे त्यांना 'तेनमोकू' म्हणतात. त्यांतही 'योहेन', म्हणजे भट्टीत पालटलेली, हा प्रकार सर्वांत दुर्मीळ: काळ्या पोटात ठिपके आणि त्यांच्याभोवती निळी-जांभळी प्रभा. वाटी हलवली की रंग सरकतात. अशा अखंड वाट्या जगात तीनच मानल्या जातात आणि तिन्ही जपानचा राष्ट्रीय ठेवा आहेत: एक तोक्योच्या सेइकादो संग्रहालयाकडे, एक ओसाकाच्या फुजिता संग्रहालयात, एक क्योतोच्या दाइतोकुजी मठातल्या र्योकोइनमध्ये.

ज्या देशात त्या भाजल्या, तिथे अखंड अशी एकही उरलेली नाही. २००९ मध्ये हांगचौ शहरात एक सापडली, ती फुटकी.