व्यायामानंतरची सक्रिय विश्रांती: समज आणि शरीरशास्त्र

कठोर व्यायाम संपताच बसून किंवा आडवे होऊन न थांबता काही वेळ हलकी हालचाल चालू ठेवणे, तसेच दुसऱ्या दिवशीही पूर्ण विश्रांतीऐवजी सौम्य चालणे वा पोहणे, याला क्रीडावैद्यकात सक्रिय विश्रांती म्हणतात. स्नायूंत साठलेले लॅक्टिक आम्ल तिच्यामुळे लवकर निघून जाते आणि म्हणून अंग दुखत नाही, असे तिचे समर्थन व्यायामशाळांतून सर्रास केले जाते. त्याचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे, उत्तरार्ध मात्र नाही.

स्नायूंतील उष्णता आणि लॅक्टिक आम्ल यांवरील संशोधनासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढे थकव्याचा व दुखण्याचा सारा दोष या आम्लावर येऊन पडला. तीव्र श्रमात निर्माण होणारे लॅक्टेट (शरीरात हे आम्ल याच रूपात असते) हा वस्तुतः निरुपयोगी मळ नसून हृदय व इतर स्नायू त्याचे इंधन करतात, तर यकृत त्यापासून पुन्हा ग्लुकोज बनवते. स्वस्थ बसले तरी रक्तातील त्याचे प्रमाण साधारण तासाभरात पूर्ववत होते. हलक्या हालचालीने ते त्याहून लवकर होते एवढेच. याउलट स्नायूंचे दुखणे काही तासांनंतर सुरू होऊन एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. तेव्हा त्याचा आळ लॅक्टेटवर घेणे म्हणजे चोरीच्या आदल्या दिवशीच गाव सोडलेल्याला पकडण्यासारखे आहे.

खरे कारण साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसारख्या शर्यतीत चांगले दिसते. यवतेश्वरचा घाट चढताना धावपटूला दम लागतो, परतीच्या उतारावर श्वासाला उसंत मिळते, पण मांडीच्या पुढच्या स्नायूला प्रत्येक पावलागणिक शरीराचा भार पेलत असतानाच लांबावे लागते. असा लांबत जाणारा ताण सवयीचा नसेल तर स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते, तेथे दाह निर्माण होतो आणि चेतातंतू हळवे होतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिना चढणे एक वेळ जमते, उतरताना मात्र कठड्याचा आधार घ्यावा लागतो. कळसूबाई उतरून आलेल्यांच्या किंवा मोठ्या खंडानंतर एकदम बैठका मारणाऱ्यांच्या मांड्या भरून येतात, त्याचेही कारण हेच.

ही सूक्ष्म इजा व्यायामानंतरच्या चालण्याने भरून निघत नाही. उपलब्ध प्रयोगांचा २०१८ मध्ये घेतलेला एक विस्तृत आढावा सांगतो, की व्यायामानंतर लगेच केलेल्या हलक्या हालचालीने पुढील दिवसांचे दुखणे फारसे कमी होत नाही आणि दुखापती टळतात असेही दिसत नाही. स्नायू ताणण्याच्या व्यायामांचा दुखण्यावरील परिणामही नगण्यच आढळला आहे. मग ही हालचाल करावीच का? धावताना पायांतील रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्यांचे आकुंचन रक्त वर हृदयाकडे ढकलत असते. धावपटू एकाएकी थांबला की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते, रक्तदाब घसरतो आणि भोवळ येते. शर्यत संपवणाऱ्यांना लगेच बसू न देता पाच-दहा मिनिटे चालत ठेवण्यामागे हेच कारण आहे, आणि सक्रिय विश्रांतीचे सर्वांत भक्कम समर्थनही. दुसऱ्या दिवशीच्या सौम्य हालचालीने आंबलेले अंग मोकळे वाटते, तो आराम तात्पुरता असला तरी खोटा नसतो. मात्र पूर्ण वाक्ये सहज बोलता यावीत इतपतच वेग असावा, कारण त्यापुढे गेल्यास विश्रांतीच्या नावाखाली आणखी एक व्यायाम होतो आणि स्नायूंतील साखरेचा साठा भरून येण्यास उशीर होतो.

दुखणे टाळण्याचा अधिक खात्रीचा उपाय व्यायामाच्या नंतर नव्हे, आधी करावयाचा असतो. उताराचा थोडासा सराव एकदा झाला, की तोच ताण पुढील काही आठवडे स्नायूंना कमी इजा करतो. म्हणून घाटातील शर्यतीची तयारी केवळ सपाट रस्त्यावर करणे अपुरे ठरते, आणि भार टप्प्याटप्प्याने वाढवणे हे दुखापतीच्या दृष्टीनेही शहाणपणाचे असते. दोन्ही मांड्यांतील बोथट दुखणे चार-पाच दिवसांत ओसरते. परंतु सांध्यात किंवा हाडाच्या एकाच बिंदूवर टोचणारी कळ असेल तर त्यावर चालत राहणे घातक ठरू शकते. स्नायू फार सुजून लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर तुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांवर भार टाकत असल्याची ती खूण असू शकते, आणि अशा वेळी मालीश वा फेरफटका यांच्या नादी न लागता त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.