स्कॉर्म

स्कॉर्म हे संगणकाधारित प्रशिक्षणाचे साहित्य आणि ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणारी अध्ययन व्यवस्थापन प्रणाली (एलएमएस) यांच्यातील देवाणघेवाणीचे नियम ठरवणारे तांत्रिक प्रतिमान आहे. 'शेअरेबल कंटेंट ऑब्जेक्ट रेफरन्स मॉडेल' या नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द तयार झाला. ध्वनी, चित्रफीत, अ‍ॅनिमेशन आणि प्रश्नमंजूषा यांनी युक्त असा पाठ एका प्रणालीसाठी तयार केला, तरी तो दुसऱ्या प्रणालीतही तसाच चालावा आणि विद्यार्थ्याने तो पूर्ण केला किंवा नाही, किती गुण मिळवले, याची नोंद व्हावी, हा त्याचा हेतू आहे.

स्कॉर्मला व्यवहारात 'मानक' म्हटले जात असले, तरी नावातील 'संदर्भ प्रतिमान' हेच वर्णन अधिक अचूक आहे. त्याने बहुतांशी नवे नियम घडवले नाहीत; आधीच अस्तित्वात असलेल्या निरनिराळ्या संस्थांच्या नियमांची सुसंगत मोट बांधली.

पार्श्वभूमी

या विषयातील पहिले मोठे प्रयत्न विमानवाहतूक उद्योगाने केले. वैमानिक व देखभाल कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण संगणकावर होऊ लागल्यावर प्रत्येक विक्रेत्याची सामग्री वेगळी पडू लागली. त्यावर उपाय म्हणून इ.स. १९८८ मध्ये एआयसीसी ही समिती स्थापन झाली. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९७ मध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड डिस्ट्रिब्यूटेड लर्निंग' (एडीएल) हा उपक्रम सुरू केला आणि त्यातून जानेवारी २००० मध्ये स्कॉर्मची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर २००१ मधील १.२ ही आवृत्ती सर्वाधिक रुळली. त्यानंतरच्या 'स्कॉर्म २००४' ची चौथी आवृत्ती २००९ मध्ये आली. तरीही जुनी १.२ आवृत्ती मागे पडली नाही. तिचा सोपेपणा हे त्याचे मुख्य कारण होय.

रचना

पाठाच्या सर्व फायली एका झिप संचात बांधल्या जातात. संचात 'आयएमएसमॅनिफेस्ट' नावाची एक्सएमएल फाइल असते. तिला पाठाची अनुक्रमणिका म्हणता येईल: कोणते घटक आहेत, त्यांचा क्रम काय, प्रत्येक घटक कोणत्या पानापासून सुरू होतो, हे तीत लिहिलेले असते. ही फाइल संचाच्या अगदी वरच्या पातळीवर असावी लागते. फायली निवडून संच करण्याऐवजी त्या ठेवलेला फोल्डरच झिप केला, तर अनुक्रमणिका एक पायरी आत जाते आणि निर्दोष पाठही प्रणाली नाकारते. नवख्या निर्मात्यांची ही नेहमीची चूक आहे.

पाठ ब्राउझरमध्ये उघडला की त्यातील जावास्क्रिप्ट आपल्या पानाच्या वरच्या चौकटींमध्ये, आणि तेथे न सापडल्यास ज्या खिडकीतून पाठ उघडला तिच्यात, प्रणालीने ठेवलेल्या एका ठरावीक नावाच्या वस्तूचा शोध घेते. १.२ मध्ये या वस्तूचे नाव 'एपीआय' असे आहे. ती सापडली की संवाद सुरू करणे, माहिती मागणे, माहिती लिहिणे, साठवणे आणि संवाद संपवणे एवढ्याच क्रिया उरतात. पाठ एका संकेतस्थळावर आणि प्रणाली दुसऱ्यावर असेल, तर ब्राउझरचा सुरक्षानियम हा शोध रोखतो. पाठ दिसतो, चित्रफीत चालते, पण नोंद होत नाही.

बहुमाध्यमी सामग्री आणि नोंद

नुसती एमपी४ चित्रफीत प्रणालीशी बोलू शकत नाही. तिच्याभोवती एक एचटीएमएल पान असावे लागते व 'चित्रफीत संपली' ही घटना पकडून त्या पानाने प्रणालीला कळवावे लागते. पूर्वी ही कामे बरीचशी फ्लॅशमध्ये होत. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार संपल्यानंतर असे पाठ एचटीएमएल५ मध्ये नव्याने करावे लागले. त्यांचे झिप संच नियमानुसार असूनही आतला आशय उघडत नव्हता. संच स्वीकारला जाणे आणि पाठ चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वाधिक घोटाळा पूर्णतेच्या नोंदीत होतो. १.२ मध्ये 'पूर्ण', 'उत्तीर्ण', 'अनुत्तीर्ण', 'अपूर्ण' या अवस्था एकाच रकान्यात लिहिल्या जातात. पाठ 'उत्तीर्ण' लिहितो आणि प्रणाली 'पूर्ण' या शब्दाची वाट पाहते, असे झाल्यास सर्व प्रश्न बरोबर सोडवलेल्या कर्मचाऱ्याचे प्रशिक्षणही अपुरे दिसू शकते. सक्तीच्या सुरक्षा-प्रशिक्षणात अशा नोंदीवर कामाची परवानगी अवलंबून असली, तर हा दोष केवळ तांत्रिक राहत नाही. २००४ च्या आवृत्तीने पूर्णता आणि यश यांसाठी स्वतंत्र रकाने करून ही संदिग्धता दूर केली. खिडकी अचानक बंद झाल्यास शेवटची माहिती हरवू नये म्हणून ती मधूनमधून साठवत राहणे दोन्ही आवृत्त्यांत इष्ट ठरते.

देवनागरीतील पाठ

विद्यार्थी कोठे थांबला हे लक्षात ठेवण्यासाठी १.२ मध्ये ४०९६ वर्णांची जागा असते. २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीत ती ६४,००० झाली. मराठीत ही जागा दिसते त्यापेक्षा लवकर भरते. 'क्षि' हे वाचकाला एक अक्षर असले, तरी युनिकोडमध्ये त्याचे चार वर्ण होतात. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो. एखाद्या प्रणालीने मर्यादा बाइटांत मोजली, तर जेमतेम १३६५ वर्ण मावतात. म्हणून विद्यार्थ्याची मराठी उत्तरे या जागेत पूर्ण वाक्यांत न साठवता त्यांचे क्रमांक साठवणे सोयीचे असते. फायलींची नावेही रोमन लिपीतच ठेवलेली बरी, कारण जुन्या झिप साधनांत देवनागरी नावे बिघडतात. चित्रफितीखालील मजकुराची वेबव्हीटीटी फाइल यूटीएफ-८ मध्येच असावी लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तेथे निरर्थक चिन्हांच्या रूपात उमटतो.

उत्तरवर्ती प्रतिमाने

स्कॉर्मची रचना ब्राउझर आणि प्रणाली यांच्या सतत संपर्कावर उभी आहे. मोबाइल अ‍ॅप, प्रात्यक्षिक किंवा इंटरनेटविना केलेला अभ्यास तिच्या आवाक्याबाहेर राहतो. त्यासाठी २०१३ मध्ये 'एक्सएपीआय' आले. त्यात 'कोणी, काय केले, कशावर' अशा विधानांच्या रूपाने नोंदी होतात आणि त्या स्वतंत्र नोंदभांडारात साठवल्या जातात. एलएमएसमधून चालणाऱ्या पाठांना तिचे नियम घालून देणारे 'सीएमआय५' २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. एआयसीसी समिती २०१४ मध्ये विसर्जित झाली.