गट नंबरनिहाय अनुदान

अकोले तालुक्यातल्या घाटघरला लोक जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. तिथून पूर्वेला जामखेड-पाथर्डीकडे सरकत गेलं की पाऊस आटत जातो आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं लागतात. मधल्या पट्ट्यात प्रवरेच्या पाण्यावरचा ऊस. चौदा तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असा हा नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा. इथे एखाद्या देणगीदाराने जिल्ह्याची सरासरी पाहून स्वयंसेवी संस्थेला पैसे दिले, तर ते गरजूच्या वस्तीपर्यंत पोचतीलच याची खात्री कोण देणार?

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर याच जिल्ह्यात घडलं आहे. १९९२ साली इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. जर्मन सरकारचा निधी केएफडब्ल्यू बँकेमार्फत नाबार्डकडे येई आणि तिथून गावाकडे. त्यामागे होते फादर हर्मन बाखर, जिल्ह्यात अनेक वर्षं काम केलेले स्विस जेझुइट. गावांची आणि लहान संस्थांची तयारी करून घेण्यासाठी १९९३ मध्ये बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे 'वॉटर' ही संस्था उभी केली.

या कार्यक्रमात अनुदान मागण्याची रीतच वेगळी होती. संस्थेने कार्यालयात बसून प्रस्ताव लिहायचा नाही. आधी शिवार फिरायचं. त्याला नेट प्लॅनिंग म्हणत. एकेका गट नंबरवर तंत्रज्ञ जाई आणि त्याच्यासोबत त्या शेताचे मालक, नवरा आणि बायको दोघंही. दोन काठ्यांना पाणी भरलेली पारदर्शक नळी जोडलेलं हायड्रोमार्कर हे साधं साधन लावून समपातळी रेषा आखता येई. ते गावातली पोरंही शिकून घेत. उतार किती, माती किती खोल, आज काय पिकतं, मालकाच्या मनात काय आहे, हे सगळं जागेवर लिहिलं जाई. मग बांध घालायचा, समतल चर खोदायचे की झाडं लावायची, हे तिथेच ठरे. खर्च मांडला जाई आणि शेतकऱ्याची संमती घेतली जाई. अशा शेकडो गटांची बेरीज म्हणजे गावाचा प्रस्ताव. बाईला शेतातला पाण्याचा ओघळ नेमका ठाऊक असतो, पण सातबाऱ्यावर बहुधा तिचं नाव नसतं. या पद्धतीत तिचं म्हणणं निदान कागदावर आलं.

पैसे मिळण्याआधी गावाला श्रमदान करावं लागे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे. पहिल्या टप्प्यात पाणलोटाचा लहान तुकडा करून दाखवायचा, तो जमला तरच पूर्ण कामाचा निधी. काम माथ्यापासून पायथ्याकडे. संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी हे टँकरवर जगणारं गाव. १९९६ पासून पाच वर्षांत तिथे हे काम झालं आणि टँकर थांबले.

मात्र मोजणी शेताची झाली, तर ज्याच्याकडे शेतच नाही तो मोजला जात नाही. अडलेलं पाणी पायथ्याच्या विहिरींत उतरतं आणि तिथली चांगली जमीन बहुधा सधन घरांची असते. चराईबंदीचा भार मात्र मेंढपाळ आणि भूमिहीनांवर पडतो. संशोधक जॉन केर यांच्या २००२ सालच्या अभ्यासानेही महाराष्ट्र आणि आंध्रातल्या पाणलोट प्रकल्पांबद्दल हीच तक्रार नोंदवली. पुढे 'वॉटर'ने घराघरांची आर्थिक वर्गवारी गावकऱ्यांकडूनच करून घेतली आणि समितीत प्रत्येक थराचे प्रतिनिधी बसवले. त्यामुळे अन्याय संपला असं नव्हे, पण तो यादीत दिसू लागला आणि त्यावर बोलता येऊ लागलं.

इंडो-जर्मन कार्यक्रमाच्या वीसेक वर्षं आधी जामखेडमध्ये आरोग्याच्या बाबतीत अशीच घरोघरची मोजणी झाली होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले. १९७१ च्या सुमारास आसपासच्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत होती. गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित समाजातल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्या घरोघर जात, जन्म-मृत्यू आणि गरोदर बायकांची खबर ठेवत. शेतकरी मंडळातले तरुण सर्वेक्षणाला हातभार लावत. १९९० च्या दशकात बालमृत्यूचा तो आकडा तिशीच्या आत आला. दुष्काळात कूपनलिकांसाठी मदत मिळाली, तेव्हा आरोळेंनी त्या दलित वस्तीत घेतल्या जातील असं पाहिलं. पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावं लागलं. गावात कोणाचं घर कुठे आणि पाण्यापासून कोण वंचित, हे ठाऊक असल्याशिवाय असा निर्णय घेता येत नाही.

जिल्ह्यातल्याच हिवरे बाजार या गावाने तर मोजणी ग्रामसभेच्या हाती दिली. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला आणि ऊस लावायला बंदी आहे.

आज पैशाची वाट बदलली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. दुसरीकडे परकीय देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी मिळालेली संस्था ती दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही आणि तिच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या आधाराने चालणाऱ्या तालुक्याच्या लहान संस्थांना याचा फटका बसतो. आणि नेमक्या त्याच संस्थांना वाडी-वस्ती तोंडपाठ असते.

बंधाऱ्याचा फोटो काढता येतो, फीतही कापता येते. सहा महिने शिवार फिरून केलेल्या नोंदींचं तसं नसतं, म्हणून प्रस्तावातला सर्वेक्षणाचा रकाना कापणं सोपं जातं. दरेवाडी आणि जामखेडचा अनुभव पाहता हा रकाना कापणं ही मोठी चूक आहे. कंपन्यांच्या निधीवर सही करणाऱ्यांना एवढीच विनंती, की संस्थेकडे वस्तीनिहाय यादी मागा, त्यात भूमिहीन आणि एकट्या बायकांची घरं आहेत का ते तपासा, नोंदी करणाऱ्या गावातल्या मुलामुलींचं मानधन अंदाजपत्रकात धरा, आणि खासगी तपशील वगळून त्या नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवायची अट घाला.